फुकटचा माल महाग कधी पडतो? पवनचक्कीच्या पात्याच्या कचऱ्याचा पूर्ण हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेला हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये आकडेमोड आहे.

विषय निघाला एका फोनमुळे. साक्रीकडचे एक भाऊ म्हणाले, "सर, पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्याचा कचरा मिळतोय. माल फुकट, वरून खेपेमागे ३,००० रुपये मध्यस्थ देतो. माझी दोन एकर पडीक जमीन आहे, तिथे उतरवायचा. जळगावात जुन्या पाइपाचा दाणा करतात, चटया करतात, तसं याचंही काहीतरी करू. घेऊ का?"

मी विचारलं, "अजून घेतला तर नाही ना?"

थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "दोन खेपा उतरल्यात. विहिरीच्या जरा वर."

हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर आहे. माल जिल्ह्याबाहेरून आला होता. मध्यस्थाचं नाव मी घेणार नाही, कारण आपल्याला धडा शिकायचाय. असा फोन उद्या तुम्हालाही येऊ शकतो.

१. हा विषय खान्देशात का?

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांवर लांबलचक ट्रेलरवरून एकच पातं चाललेलं तुम्ही पाहिलं असेल. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरात देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा आहे. त्याची क्षमता ५२८ मेगावॅट सांगितली जाते. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या सुझलॉनच्या पात्यांच्या कारखान्यांमध्येही धुळ्याचं नाव आहे. म्हणजे पातं आपल्याकडे फिरतं आणि बनतंही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर काहीजण म्हणतील की सर पवनचक्कीच्या विरोधात आहेत. तसं अजिबात नाही. पवनचक्की बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ती साधारण वर्षभरात परत देते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालते. तिच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग, म्हणजे लोखंड, तांबं वगैरे, पुन्हा वापरात येतो. भंगारवाला तो आनंदाने उचलतो. अडतं ते पात्यापाशी.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अंदाज मांडला की २०५० पर्यंत जगात पात्यांचा मिळून ४.३ कोटी टन कचरा साचेल. त्यात कारखान्यात पडणारा कचरा, दुरुस्तीतला कचरा आणि जुनी झालेली पाती, तिन्ही धरले आहेत. आपल्या भाऊंकडे आला तो पहिला प्रकार. पातं एकदाही फिरण्याआधीचा.

२. पातं कसं बनतं आणि कचरा कुठे पडतो

कुठल्याही कचऱ्याचा धंदा करायचा तर आधी तो कुठल्या पायरीवर पडतो ते समजून घ्या. नाहीतर समोरचा जे सांगेल तो भाव.

पात्याचा मोठा साचा असतो. त्यात काचेच्या धाग्याचं कापड, म्हणजे ग्लास फायबर, थरावर थर अंथरतात. मध्ये वजन कमी ठेवण्यासाठी बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा फोम बसवतात. त्यावर नायलॉनचं कापड, जाळी आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकची फिल्म येते. पंप लावून आतली हवा ओढली की इपॉक्सी रेझिन आणि हार्डनरचं मिश्रण आत शोषलं जातं आणि सगळे थर भिजतात. उष्णता दिली की ते दगडासारखं घट्ट होतं. मग वरची फिल्म, जाळी, नायलॉन ओरबाडून काढतात. दोन अर्धे भाग चिकटवतात, कडा कापतात, घासतात, रंग देतात.

या कामात पाच वेगवेगळे ढीग पडतात:

- कोरं ग्लास फायबर कापड: कापताना उरलेले तुकडे, रेझिन न लागलेले.
- घट्ट झालेले तुकडे आणि धूळ: कडा कापून, घासून निघालेली.
- फिल्म, जाळी, नायलॉन, नळ्या: एकदाच वापरायचा माल, त्यावर रेझिन चिकटलेलं.
- ओला माल: उरलेलं रेझिन, हार्डनर, हात-हत्यारं पुसायचं अ‍ॅसिटोन आणि या सगळ्यांचे रिकामे ड्रम.
- स्वच्छ माल: बाल्सा आणि फोमचे तुकडे, पुठ्ठा, लाकडी पॅलेट.

वहीत पाच रकाने आखून घ्या. पुढचा सगळा धंदा या रकान्यांवर चालतो. पाचही ढीग एका गाडीत आले तर तो माल राहत नाही, घाण होते.

३. पाइपाचा दाणा होतो, पात्याचा का होत नाही?

इथेच आपल्या भाऊंची गफलत झाली, आणि ती साहजिक आहे. जळगावची एमआयडीसी पाहिलेल्या माणसाला प्लॅस्टिक म्हणजे 'वितळव आणि पुन्हा ओत' हेच माहीत असतं.

गुळाची ढेप गरम केली की पातळ होते, थंड झाली की पुन्हा घट्ट होते. कितीही वेळा करा. पीव्हीसी, एचडीपीई हा गुळाचा प्रकार. कळण्याची भाकरी एकदा भाजली की परत तिचं पीठ मळता येत नाही. अजून तापवली तर करपते. इपॉक्सी हा भाकरीचा प्रकार. हार्डनर मिसळल्यावर त्याचे रेणू एकमेकांत असे गुंततात की नंतर ते वितळत नाही. शिवाय घट्ट झालेल्या तुकड्याच्या वजनात निम्म्याहून जास्त काच असते आणि ती रेझिनमध्ये पक्की अडकलेली.

म्हणून दाणा मशीन इथे उपयोगाचं नाही. तुकडे दळून भुकटी करता येते, पण काच कटरची धार लवकर खाते आणि निघालेल्या भुकटीत कापडाची ताकद उरत नाही. ती सिमेंटच्या वस्तूंत किंवा प्लॅस्टिकमध्ये भरताड म्हणून जाऊ शकते. पण तिथे तिची स्पर्धा कुणाशी? दगडाच्या भुकटीशी, आणि भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेशी. दोन्ही स्वस्त आणि भरपूर.

४. शेताला, पाण्याला, माणसाला काय होतं?

"सर, पडून राहिलं तर काय बिघडतं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. ढिगाप्रमाणे उत्तर वेगळं आहे.

घट्ट झालेला तुकडा लगेच विष सोडत नाही, पण कुजतही नाही. तुमच्या नातवाच्या काळातही तो तिथेच असेल. उन्हापावसाने झिजून त्याचे बारीक कण आणि काचेचे तंतू मातीत मिसळत राहतात. नांगरट करताना, गुरं चारताना ते कुठे जातील यावर आपला ताबा नसतो.

धूळ अंगाला लागली की खाज सुटते, डोळे चुरचुरतात, श्वासाबरोबर बारीक कण छातीत जातात. उघड्यावर ग्राइंडर लावून काम करणारा मजूर रोज ही धूळ खातो.

सगळ्यात वाईट म्हणजे ओला माल. न घट्ट झालेलं इपॉक्सी आणि हार्डनर त्वचेला लागलं तर चट्टे उठतात, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की आयुष्यभर सुटत नाही. पाण्यात गेलं तर मासे आणि इतर जीवांना ते विषारी असतं. विहिरीच्या वरच्या बाजूला असे ड्रम ठेवले, तर पहिल्या मोठ्या पावसात ओघळ कुठे जाईल हे शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. अजून एक लक्षात ठेवा: रेझिन आणि हार्डनर एका डब्यात बरंच एकत्र पडलं तर ते आपोआप तापतं, धूर सुटतो, कधी पेटही घेतं.

आणि जाळायचं तर मुळीच नाही. 'रात्री काडी लावून मोकळं होऊ' हा सल्ला देणारे खूप भेटतील. इपॉक्सी आणि प्लॅस्टिकचा विषारी धूर गावात जातो, काच जळत नाही, आणि मागे उरलेले मोकळे तंतू वाऱ्यावर उडतात. ढीग थोडा कमी होतो, त्रास वाढतो.

५. आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव विचारून तुमचे आकडे टाका, पण पद्धत हीच ठेवा. सगळं एका टनावर आणा.

समजा एका खेपेत सुटा माल दीड टन येतो. मध्यस्थाचे ३,००० म्हणजे टनाला २,००० रुपये. भुकटी अडीच रुपये किलोने विकली तर टनाला २,५००. एकूण जमा ४,५००.

खर्च बघा. उतराई आणि निवड ८००. दळण, म्हणजे वीज, मजुरी आणि झिजणारे कटर, ४,५००. धूळ ओढणारी यंत्रणा, मास्क, हातमोजे ७००. गिऱ्हाइकापर्यंत भाडं १,०००. एकूण ७,०००.

टनामागे तोटा २,५०० रुपये. मशीनचा हप्ता यात धरलेलाच नाही. जितका जास्त माल, तितका जास्त तोटा.

मग मध्यस्थ पैसे का देतो? इथे नीट थांबा, कारण आजच्या धड्याचा गाभा हाच आहे. तुम्ही माल विकत घेता तेव्हा पैसे तुम्ही देता. समोरचा माल देऊन वर पैसेही देत असेल, तर तो तुम्हाला जबाबदारी विकतोय. कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावायला कारखान्याला टनामागे पैसे मोजावे लागतात. मध्यस्थ कमी पैशात ते काम अंगावर घेतो, त्यातले थोडे तुम्हाला देतो, बाकीचे त्याचे. कचरा मात्र तुमच्या गटात, तुमच्या सातबाऱ्यावर.

६. कायदा काय म्हणतो?

घातक आणि इतर कचऱ्याबद्दल केंद्राचे २०१६ चे नियम आहेत. रेझिन आणि गोंद वापरताना पडणारे अवशेष, वापरून झालेली सॉल्व्हंट, आणि रसायन लागलेले रिकामे ड्रम हे त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. आपल्या कामाचे चार मुद्दे:

- असा कचरा ठेवायला, हाताळायला, प्रक्रिया करायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन, म्हणजे अधिकारपत्र लागतं.
- कारखान्यालाही तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.
- गाडीबरोबर फॉर्म १० मधला मॅनिफेस्ट लागतो. माल कुठून निघाला, कुणी नेला, कुठे पोचला, सगळं त्यात येतं.
- नियमांत 'ऑक्युपायर' हा शब्द आहे. कचरा ज्याच्या ताब्यात, तोही त्यात येतो. पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी ऑक्युपायरवर येते.

शेवटचा मुद्दा दोनदा वाचा. "मी फक्त जागा दिली" हे उत्तर तिथे चालत नाही. कोरडा, स्वच्छ तुकडा घातक नसेलही, पण त्याच गोणीत रेझिनचा डबा उलटला की सगळी गोणी घातक समजूनच चालायचं.

रीतसर मार्ग दोन. घातक कचरा रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथल्या विल्हेवाट केंद्रांत जातो. आणि पात्याचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत वापरता येतात: रेझिन जळून उष्णता देतं आणि काचेतली सिलिका सिमेंटच्या कच्च्या मालात धरली जाते. जर्मनीत असा कचरा जमिनीत गाडायला २००५ पासून बंदी आहे, म्हणून तिथे ही पद्धत रुळली.

७. मग यात धंदा आहे की नाही?

आहे. पण तो ढिगात नाही, ढीग वेगळे ठेवण्यात आहे.

कोरं कापड. कुलरची बॉडी, पाण्याची टाकी, एफआरपीचे दरवाजे करणारे कारागीर नवं कापड विकत घेतात. हातभर लांबीचे स्वच्छ, कोरडे, एका जातीचे तुकडे त्यांना कमी भावात चालू शकतात. मात्र कापडावरचा लेप इपॉक्सीला चालतो की त्यांच्या पॉलिस्टर रेझिनलाही, हे आधी विचारा आणि एक नमुना करून बघा. ओलं झालेलं कापड घेऊ नका.

बाल्सा, फोम, पॅलेट. पॅकिंग, शाळेच्या प्रकल्पांचं साहित्य, लाकडी पेट्या. पीईटीचा फोम स्वच्छ असेल तर तो गुळाच्या प्रकारातला आहे, पुन्हा वितळतो. धंदा छोटा, पण भांडवलही छोटं.

सेवा. मला सगळ्यात दम वाटतो तो इथे. ही गाडीभाड्याची गंमत बघा. समजा चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यापर्यंत गाडीचं भाडं २४,००० आहे. सुटा माल दीड टन बसला तर टनाला १६,०००. तोच कारखान्याच्या आवारात कापून, दाबून, बांधून चार टन बसवला तर टनाला ६,०००. टनामागे १०,००० वाचले. त्यातला वाजवी हिस्सा मागायचा हक्क तुमचा. निवड, कापणी, वजन, लेबल, नोंदी यांचं कंत्राट घ्या. कचरा कारखान्याच्याच ताब्यात आणि त्याच्याच कागदावर राहतो, तुम्ही कामाचे पैसे घेता. पाण्याचा फवारा, मास्क आणि मजुरांचा विमा हे दरात धरा. नंतर जोडू म्हणाल तर जोडलं जात नाही.

जुनी पाती. २००० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या चक्क्या आता म्हाताऱ्या होतायत. जुन्या लहान चक्क्या काढून मोठ्या बसवण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये धोरण आणलं आणि २०२३ मध्ये नवं केलं. म्हणजे पाती उतरणार. आयर्लंडमध्ये कॉर्क इथे २०२२ मध्ये जुन्या पात्यांचा पादचारी पूल झाला, डेन्मार्कमध्ये आल्बोर्गला सायकलींची शेड झाली. आपल्याकडे गुरांच्या गोठ्यावर किंवा बसथांब्यावर असं छप्पर का नको? फक्त इंजिनिअरकडून भार तपासून घ्या आणि कापणी धूळ न उडवता करा.

८. 'हो' म्हणायच्या आधी सहा प्रश्न

१. पाचपैकी कुठल्या ढिगाचा माल आहे? वेगवेगळा येणार की एकत्र?
२. माल कारखान्याच्या नावाने निघतो की मध्यस्थाच्या? लेखी काय मिळणार?
३. मंडळाच्या अधिकारपत्रात माझं नाव, माझी जागा आणि हे काम आहे का?
४. तयार वस्तूचा गिऱ्हाईक आज कोण आहे? त्याने नमुना पाहिलाय का?
५. टनामागे जमा-खर्च काय, मशीनचा हप्ता धरून?
६. उद्या धंदा बंद केला तर उरलेला ढीग कोण उचलणार आणि कुणाच्या पैशाने?

सहाव्याचं उत्तर 'मी' असेल, तर त्या खर्चाची रक्कम आधी बाजूला काढा, मगच पहिली खेप उतरवा.

आणि त्या भाऊंचं काय झालं?

मी त्यांना सांगितलं: तिसरी खेप थांबवा. जाळू नका, पुरू नका, उघड्या हाताने चिवडू नका. फोटो काढा, ड्रम सरळ उभे करून ताडपत्रीखाली घ्या, ढिगाभोवती बांध घाला म्हणजे पाऊस आत-बाहेर होणार नाही. मध्यस्थाला माल परत न्यायला लेखी कळवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात स्वतःहून अर्ज द्या. स्वतः जाणारा माणूस आणि तक्रारीनंतर सापडलेला माणूस, यांच्यात फरक पडतो.

त्यांनी ते केलं. नशिबाने पहिल्या खेपेत बरंचसं कोरं कापडच निघालं. ते एका एफआरपी कारागिराने नमुना करून पाहिलं आणि निवडून उचललं, हातात थोडे पैसेही आले. दुसऱ्या खेपेत फिल्म, तुकडे आणि अर्धवट भरलेले डबे एकत्र होते. ती अजून ताडपत्रीखाली आहे. मध्यस्थ आता फोन उचलत नाही. दोन खेपांचे ६,००० मिळाले होते, ते ताडपत्री, बांध आणि चकरा यांत केव्हाच संपले, आणि रीतसर विल्हेवाटीचं भाडं अजून बाकी आहे. परवा फोनवर एवढंच म्हणाले, "सर, बाकी जाऊ द्या, पाऊस यायच्या आत तेवढं हललं पाहिजे."

दोन्ही खेपा एकाच गाडीने, एकाच माणसाकडून आल्या. एकीचे पैसे झाले, कारण ती वेगळी होती.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या जवळच्या कुठल्याही एका कारखान्याचा कचरा घ्या. डाळ मिल, जिनिंग, पाइप, काहीही चालेल. त्याचे ढीग वहीत वेगळे लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: आज कोण नेतो, पैसे कोण कुणाला देतो, आणि नेला नाही तर त्रास कुणाला. जिथे कारखाना पैसे देतोय, तिथे गोल करा. पुढच्या भागात त्या गोलांवर बोलू.